तिसरी गाडी

एमएस्सीला संख्याशास्त्र घेतलं तेव्हा नगरच्या आमच्या कॉलेजात विद्यार्थी जास्त आणि चालू कॉम्प्युटर कमी होते. म्हणून दोघांत एक. माझ्या वाट्याला जी मुलगी आली, ती पुणे रस्त्यावरच्या एका गावातून एसटीने यायची. मी सुप्याचा, म्हणजे तिच्या गावावरून पुढं जाणारा. आर नावाचं सॉफ्टवेअर शिकत होतो. ती कमांड सांगायची, मी टाइप करायचो. मी कंस बंद करायला विसरलो की ती बोलायची नाही, नुसती पेनाने टेबलावर टकटक करायची. काही कंस मी मुद्दाम उघडे ठेवायचो.

सरांनी प्रोजेक्ट दिला. रोजच्या जगण्यात कशाची तरी वाट बघता ना, ती मोजा आणि तिला कोणतं वितरण, म्हणजे आकड्यांचा कोणता साचा, लागू पडतो ते शोधा. कुणी गिरणीतल्या दळणाची वाट मोजली, कुणी मेसच्या रांगेची. आम्ही एसटी घेतली. स्टँडवर पोचल्यापासून गाडीत चढेपर्यंतची मिनिटं. पुण्याकडच्या गाड्या वेळापत्रकाला जुमानत नसत, त्यामुळे आमच्या विषयाला अगदी सोयीच्या.

पहिल्याच संध्याकाळी गाडी आली तशी ती म्हणाली, "ही नको, लई गर्दी हाय."

गाडी अर्धी रिकामी होती. "व्हय," मी म्हणालो.

दुसरी आली. "ह्याचा ड्रायव्हर लई जोरात हानतो."

त्या ड्रायव्हरला आम्ही दोघांनीही जन्मात पाहिलं नव्हतं. तिसरीत मात्र चढावं लागे, कारण तोवर तिच्या घरून फोन सुरू व्हायचे. मग रोज तसंच होऊ लागलं. शेंगा फोडत आम्ही काय बोलायचो, ते आता नीट आठवत नाही, आणि मला सगळ्यांत जास्त वाईट त्याचंच वाटतं. मिनिटं मात्र इमानेइतबारे मोबाईलमध्ये लिहीत होतो. आपण काय लिहून ठेवतोय, हे संख्याशास्त्र शिकणाऱ्या दोन शहाण्यांच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

महिनाभराने वर्गासमोर आलेख पडद्यावर लावला. सर पुढं येऊन पडद्यावर बोट ठेवत म्हणाले,

"गाडी केव्हाही येत असेल आणि तुम्ही येईल ती पकडत असाल, तर बहुतेक वेळा थोडंच थांबावं लागतं, फार थांबणं क्वचित. म्हणजे आलेखात डावीकडचा, कमी मिनिटांचा खांब सगळ्यांत उंच आणि पुढं उतरण. तुमच्याकडं तर मधेच टेकडी आहे."

त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि गॅमा वितरणाची रेषा, म्हणजे एकापाठोपाठ अनेक वाटा बघितल्या की येते ती, त्यावर बसवली. ती टेकडीवर चपखल बसली. सरांना कोण आनंद! "हा तिसऱ्या गाडीचा आलेख आहे. पहिल्या दोन गाड्यांना काय झालं होतं हो?"

वर्ग खो-खो हसला. मागच्या बाकावरची तिच्या गावची दोन पोरं जास्तच मोठ्यानं हसली. सरांच्या मनात काही नव्हतं, त्यांना फक्त रेषा दिसत होती. मला त्यांचा इतका राग आला की बोलायची सोय नाही. पण खरं सांगतो, त्याच क्षणी आत कुठंतरी मी हरखलोही होतो. जे तिला विचारायची माझी हिंमत झाली नव्हती, ते पडद्यावर लख्ख दिसत होतं. गाड्या मी एकट्याने सोडल्या नव्हत्या. तिच्याकडं पाहिलं, तर ती मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती.

सरांनी माहिती नव्याने गोळा करायला सांगितली. त्या संध्याकाळी पहिली गाडी आली ती खच्चून भरलेली, दारात माणसं लोंबत होती. ती तशीच आत घुसली. मी मागून चढलो. तिच्या गावाला ती उतरली, तेव्हा तिने वळून पाहिलं असेल तर मला दिसलं नाही, मधे माणसं होती.

आता मी सुप्याच्या एका कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासतो, रोज आलेख काढतो. ती कुठं असते, मी कुणाला विचारलेलं नाही. विचारावंसं मात्र रोज वाटतं.

तेव्हा आमचा तो नवा आलेख अगदी पुस्तकातल्यासारखा आला. सरांनी दोघांची पाठ थोपटली, "आता कसं बरोबर झालं!" म्हणाले. ती "हो सर" म्हणाली. मी पडद्याकडं बघत होतो. सगळ्यांत उंच खांब डावीकडं होता, म्हणजे बहुतेक दिवशी आम्ही पाच मिनिटंसुद्धा एकत्र थांबलो नव्हतो.