इंग्लिश खाडी पोहलेलं घड्याळ

“हात बघू.”

भेटला की पहिलं हेच. मनगट धरायचा, उलटं करायचा, पट्टा चाचपायचा, मग हात अलगद सोडायचा. घड्याळ कितीही साधं असो, तोंड वाकडं करायचा नाही. “चालतंय ना? मग टेन्शन नको घेऊ. बस, तुला एक गोष्ट सांगतो.”

पावणे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा आणि वाशीत आमच्याच सोसायटीत, वरच्या मजल्यावर राहायचा. वयाने मोठा म्हणून मी त्याला काका म्हणायचो, अहो-जाहो करायचो. आता करत नाही. इथे लिहितानाही करणार नाही.

सांगायला जिवावर येतं, पण गोष्टी मात्र फर्स्टक्लास सांगायचा. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून आम्ही ऐकत बसायचो. चंद्रावर दोघं उतरले, पण यानातलं घड्याळ बंद पडलेलं, म्हणून एकाने आपलं घड्याळ यानातच ठेवलं आणि चंद्रावर दुसऱ्याचं चाललं. हिंदुस्थानात पोलो खेळताना गोऱ्या साहेबांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून विलायतेत डायल उलटी फिरवून पाठ वर करायचं घड्याळ निघालं. “आपल्या मातीतल्या तक्रारीवरनं, बरं का,” असं म्हणून तो आमच्याकडे असा बघायचा, की तक्रार आम्हीच केली होती.

त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट इंग्लिश खाडीची. एक बाई घड्याळ गळ्यात अडकवून खाडी पोहायला उतरली. पाणी बर्फासारखं. शेवटी तिला अर्धमेली बाहेर काढली. “बाई गारठली, पण घड्याळ?” इथे तो थांबायचा आणि आम्ही शाळेतल्या पोरांसारखे म्हणायचो, “चालू.”

माझ्या बहिणीचं लग्न पनवेलला ठरलं. जावयाला घड्याळ द्यायचं हे आपल्याकडे ठरलेलंच, पण मुलाच्या वडिलांनी “जरा बाहेरचं बघा” असं सुचवलं. बाबा काळजीत पडले. हा स्वतःहून खाली आला. “ते खाडीवालं देऊ. कस्टममधला माणूस आहे आपला. पोरगी काय तुमची एकट्याची आहे?” आईने पाटल्या मोडल्या. डोळे झाकून विश्वास टाकला आम्ही. का टाकू नये? बहिणीला शाळेतून आणायला पावसात छत्री घेऊन गेलेला माणूस होता तो.

मांडवात घड्याळ त्यानेच नवऱ्या मुलाच्या हातात बांधलं आणि सगळ्या वऱ्हाडासमोर गोष्ट सांगितली. व्याही खूश, बाबांची मान ताठ. गुपचूप दिलं असतं तर जन्मात कुणाला पत्ता लागला नसता, असं मला अजून वाटतं.

कारण पुढच्याच आठवड्यात नवरा-बायको अलिबागला गेली आणि जावईबापू गोष्टीवर भरवसा ठेवून घड्याळासकट समुद्रात उतरले. चांगले गळ्याइतक्या पाण्यात. बाहेर आले तर काचेआड पाणी हलत होतं आणि काटे थांबलेले. मुंबईत दुकानात नेलं. दुकानदाराने पाठ उघडली आणि हसला म्हणे. आत फुटपाथवर मिळणारं मशीन, वरचं नावसुद्धा चिकटवलेलं.

मी तडक वरच्या मजल्यावर गेलो. वाटलं होतं, म्हणेल, कस्टमवाल्याने मलाही फसवलं. मी मनात ते मान्य करूनच जिना चढलो होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पाण्यात कशाला घातलं पण?”

“काका, तुम्हीच सांगितलंत ना. ती बाई, ती खाडी.”

“अरे, ती गोष्ट खऱ्या घड्याळाची.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

तो उठला, पंखा वाढवला आणि आत बघून म्हणाला, “अगं, चहा टाक, खालचा आलाय.” मी चहा घेतला नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, असं जिना उतरताना वाटत होतं, आणि लाज त्याला वाटायच्या ऐवजी मलाच वाटत होती. काही महिन्यांत तो तळोज्याच्या कुठल्याशा कंपनीत लागला. खोली भाड्याने दिली, गेला. पत्ता कुणालाच सांगितला नाही.

वर्षा-दीड वर्षाने बहिणीच्या मुलाचं बारसं झालं, पनवेललाच. मामा म्हणून मी सोन्याची साखळी घेऊन गेलो. विहीणबाईंनी डबी उघडली, साखळी तळहातावर घेतली, पण बाळाच्या गळ्यात घातली नाही. धाकट्या मुलाला हाक मारली. “जा, कोपऱ्यावरच्या सोनाराला दाखवून आण.” आवाज अगदी साधा होता. भाजी आणायला सांगतात तसा.

तो येईपर्यंत पाळण्याची गाणी थांबली. बायका पदर सारखे करत बसल्या. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. बहीण बाळाला मांडीवर घेऊन खाली मान घालून बसली होती, बाळ झोपलेलं असूनही त्याला थोपटत होती.

पोरगा परत आला. चप्पल काढता काढता दारातूनच म्हणाला, “खरी आहे.”

“हं, मग घाला,” विहीणबाई म्हणाल्या आणि गाणी परत सुरू झाली.