सगळं जपून ठेवणारा कॉम्प्युटर

आमच्या नात्यागोत्यात कुणाचाही कॉम्प्युटर रखडला की फोन ताईला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. समोरच्यानं रडगाणं लावायच्या आत तिचा प्रश्न तयार असतो, "बंद करून चालू केलास का?" निम्मे रोगी तेवढ्यानंच बरे होतात. उरलेल्यांना ती समजावते, नको ती पानं बंद करा, आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम काढून टाका, मागची जाळी ब्रशनं झाडा. सल्ला फुकट, त्यामुळे आभार मानायची पद्धत नाही.

तिचा स्वतःचा कॉम्प्युटर मात्र असा, की बटण दाबून आंघोळ उरकून यावं तरी हा आळोखेपिळोखेच देतोय. तिनं कधी मनावर घेतलं नाही, कारण त्यावर करण्यासारखं तिचं काही उरलंच नव्हतं. एकेकाळी ती घरांचे नकाशे काढायची. आबा, म्हणजे तिचे वडील, अंथरुणाला खिळले आणि नोकरी सुटली. तिचा दादा लांब राहतो. त्यानं आबांच्या खोलीत कॅमेरा बसवला, तो ताईच्या कॉम्प्युटरला जोडला आणि कर्तव्यातून मोकळा झाला. तिथून बघतो आणि फोन करतो, उशी उंच कर, खिडकी लाव. मला तो मनुष्य अजिबात आवडत नाही.

अशात एका ऑफिसची जाहिरात आली. नकाशे काढणारी माणसं हवीत, परीक्षा घरबसल्या, नोकरी दुसऱ्या गावात, राहायला खोली. ताईनं गुपचूप अर्ज केला. आबांसाठी दिवसरात्र राहणारी बाईसुद्धा बघून ठेवली. दादाला नोकरी हातात आल्यावरच सांगायचं, कारण आधी सांगितलं तर तो मोडता घालणार हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं.

परीक्षेच्या दिवशी आबांजवळ बसायला मी सकाळीच गेले. ताई ब्रश घेऊन कॉम्प्युटरपुढे बसली होती. धूळ झाडून झाली, बंद करून चालूही करून झालं, तरी पडद्यावरचा बाण हलेना. मग तिनं बघितलं तर आत तिळभर जागा नव्हती. सगळी जागा दादाच्या कॅमेऱ्यानं खाल्लेली. आबांच्या खोलीतला प्रत्येक दिवस त्यानं जपून ठेवला होता.

तिनं एक रेकॉर्डिंग उघडलं. ताई चादर बदलतेय. दुसरं उघडलं. ताई चादर बदलतेय.

"अगं, तेव्हा केस किती काळे होते माझे!" ती हसली. मला हसू आलं नाही.

तिनं जुनं सगळं पुसलं, कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम बंद केला, आणि कॉम्प्युटर असा पळायला लागला की आम्ही दोघी बघतच राहिलो. दुपारी परीक्षा सुरू झाली. नियम एकच होता, परीक्षेचं पान मध्येच बंद झालं की परीक्षा संपली. मी आबांच्या खोलीच्या दारातून बघत होते. भिंती उभ्या राहिल्या, दारं लागली, जिना वर चढू लागला. इतकी ताठ बसलेली ताई मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मी उचलला.

"कॅमेरा का बंद आहे? आबा बरे आहेत ना?" दादा.

"झोपलेत छान."

"तिला दे फोन."

"ती कामात आहे."

"कसलं काम? घरीच तर असते! दे तिला, नाहीतर मी शेजारच्यांना पाठवतो."

ताईनं हात पुढे केला. "कॉम्प्युटर साफ करत होते, दादा. लावते कॅमेरा." मग मला हळूच म्हणाली, "एकदा आबा दिसले की लगेच बंद करते."

तिनं प्रोग्रॅम सुरू केला. आबा दिसले, दादा निवला. पण प्रोग्रॅम बंद होईना. पुसलेल्या सगळ्या रेकॉर्डिंगची नक्कल दादाकडे होती, आणि हा शहाणा प्रोग्रॅम इमानेइतबारे एकेक परत आणून ठेवत होता. बाण थिजला. अर्धा जिना तसाच लटकला. कोपऱ्यातलं परीक्षेचं घड्याळ तेवढं चालू होतं.

"बंद करून चालू कर ना!" मी ओरडले.

"बंद केलं तर परीक्षा संपली," ताई म्हणाली. मग हात मांडीवर ठेवून ती वेळ संपेपर्यंत पडद्याकडे बघत बसली. मी रडत होते, ती नाही.

संध्याकाळी पुन्हा दादा. "आज चित्र किती स्वच्छ येतंय गं! काय केलंस?"

"धूळ झाडली."

"हुशार आहेस हं! मग आता स्वयंपाकघरातही एक कॅमेरा बसवूया. तू तिथे असलीस की दिसत नाहीस, उगाच काळजी लागते."

ताईनं एकदा पडद्याकडे बघितलं.

"बसव," ती म्हणाली, आणि आबांची चादर बदलायला उठली.