वाघोलीतली दुसरी खुर्ची

डेंटल कॉलेजात पाच वर्षं आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो. ती वाघोलीची, मी परभणीहून आलेली. तिच्या वडिलांची शेती हमरस्त्याला लागून होती. तिथे आता चार मजली इमारत उभी आहे. माझे वडील एसटीत कंडक्टर. परीक्षेत मी कायम तिच्या पुढे असायचे, आणि पुढेही तसंच राहील असं धरून चालले होते.

डिग्रीनंतर मी नारायण पेठेत एका वयस्कर डॉक्टरांच्या हाताखाली लागले. वर्षभरात तिने त्या इमारतीच्या तळमजल्यावर स्वतःचा दवाखाना उघडला. उद्घाटनाला मी गेले. नवं एक्स-रे मशीन, दोन खुर्च्या, दाराच्या काचेवर तिचं नाव. हातातला पेढा मी तसाच कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

तेवढ्यात तिचे एक चुलते गाल धरून आले. दाढ मुळाशी मोडली होती. पाहुणे बाहेर थांबले, मी आत तिच्या शेजारी उभी राहिले. ती अडकावी आणि तिने मला पुढे बोलवावं, असं मनापासून वाटत होतं. तिने मात्र घाई न करता एकेक मूळ सोडवलं. काही कळलंसुद्धा नाही, असं म्हणत चुलते उठून बसले. कॉलेज सुटल्यावरही ती प्लास्टरच्या दातांवर सराव करत बसायची, ते आठवलं. ती आळशी असती तर बरं झालं असतं. सगळं वडिलांच्या जिवावर, असं म्हणून मी मोकळी झाले असते.

हात धुता धुता ती म्हणाली, "तू इकडेच ये ना. दुसरी खुर्ची तुझी."

"काचेवर माझंही नाव लागेल?"

तिने नळ बंद केला. "पप्पांना विचारते."

दोन दिवसांनी तिचा फोन आला. वडिलांचं उत्तर तिने त्यांच्याच शब्दांत सांगितलं, "जागा आपली हाय, नावबी आपलंच राहील." सांगताना तिचा आवाज पडला होता.

मी तरीही गेले. पेठेत दात साफ करण्यापलीकडे मला फारसं काही करू देत नव्हते. इथे अवघड केस ती स्वतःहून माझ्याकडे पाठवते, आणि या माझ्यापेक्षा चांगलं करतात, असं पेशंटसमोर सांगते. त्या चांगुलपणाचाही मला हेवा वाटतो. तिला तो परवडतो. संध्याकाळी ती जिना चढून घरी पोचते, मी गर्दीत बसची वाट बघत असते.

परवा एका बाईंनी खुर्चीत बसता बसता विचारलं, "मॅडम, तुमचा स्वतःचा दवाखाना कुठे आहे?"

मी म्हटलं, "तोंड उघडा."