फ्रेंचचे दोन भूतकाळ

मी अकोल्याच्या हायस्कुलात फ्रेंच शिकले असं सांगितलं, की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "काहून?" कारण अगदी साधं आहे. संस्कृतच्या सरांना मी वर्गात नको होते. तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यातून मामाकडे शिकायला आले, तेव्हा आम्हाला बौद्ध होऊन दोन वर्षं झाली होती. पहिल्याच दिवशी त्या सरांनी माझं आडनाव वाचलं, चष्मा पुसला आणि मोठ्या मायेनं म्हणाले, "बाळ, तुला हे जड जाईल." मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. जड कोणाला जात होतं ते मला तिथंच कळलं. त्या मायेचा मला आजही संताप येतो.

हेडमास्तरांनी त्याच वर्षी फ्रेंचचा वर्ग काढला होता. असा वर्ग अख्ख्या वऱ्हाडात नाही, अमरावतीतसुद्धा नाही, हे ते येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे. अमरावतीच्या नाकावर टिच्चून काहीतरी करायचं, एवढाच त्यात फ्रान्सचा संबंध. वर्गात आम्ही नऊ जण. सहा आमच्यातले, म्हणजे ज्यांना संस्कृत 'जड' जाणार होतं ते. दोन संस्कृतात नापास झालेले. उरला एका व्यापाऱ्याचा मुलगा. पॅरिसला सेंट फार चांगलं मिळतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

फ्रेंचचे सर मुळात इतिहासाचे. तरुणपणी पाँडिचेरीला एका कापूस दलालाकडे कारकुनी केली होती, तेवढंच त्यांचं फ्रेंच. उच्चार बरोबर की चूक हे सांगणारा माणूस आसपास कुणी नव्हता, त्यामुळे ते निर्धास्त होते. पुस्तक एकच, तेही त्यांच्याकडे. मग त्यांनी फ्रेंचांच्या राज्याचा इतिहास सांगूनच भूतकाळ शिकवायचा घाट घातला. फ्रेंच भाषेत भूतकाळ दोन, असं ते सांगायचे. एक उरकलेला: ते जहाजातून आले, त्यांनी जमीन घेतली, ते गेले. दुसरा लांबलेला: ते राज्य करत होते, ते आम्हाला सुधारत होते. "लुटालूट उरकलेल्या काळात सांगाची," सर म्हणायचे, "आन् उपकार लांबलेल्या. तिथचे सारे साहेब असेच बोलत."

पाँडिचेरीनं मात्र सरांचीच पंचाईत केली. फ्रेंच तिथून निघून गेले होते, पण कागदावर पक्कं काही झालं नव्हतं. आम्ही विचारलं, "सर, मंग हे कोन्त्या काळात घालाचं?" सरांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "परीक्षेत पाँडिचेरी येनार नाई."

वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं आणि शाळा तपासायला पुण्याकडचे साहेब यायला लागले होते. डिसेंबरात असेच एक आमच्याकडे आले. त्यांना पसंत पडलं तर फ्रेंचचा वर्ग चालणार, नाहीतर बंद, आणि आम्ही सहाही जण परत संस्कृतच्या सरांच्या दारात. हेडमास्तरांनी हे आम्हाला आदल्या दिवशी स्वच्छ सांगितलं होतं.

साहेबांना फ्रेंच येत नव्हतं. ते कळू नये म्हणून ते फारच गंभीर होते. दोन-तीन वाक्यं ऐकून त्यांनी मान डोलावली आणि माझ्याकडे बोट केलं.

"हा लांबलेला भूतकाळ समजला का तुला? मराठीत उदाहरण दे. पुस्तकातलं नको, तुझ्या घरचं सांग."

घरचं म्हटल्यावर मला घरचंच आठवलं. दिवाळीच्या सुटीत गावी गेले होते, तेव्हा आई पाण्यासाठी नदीच्या वाळूत झिरा खोदत बसलेली. घाबरून मी घरच्याच बोलीत बोलून गेले. "गावातले लोक आमाले विहिरीवरून हाकलून राहिले."

आता वऱ्हाडात कोणालाही विचारा. हाकलून राहिले म्हणजे हाकलत आहेत. आज, आत्ता. भूतकाळ मागितला होता आणि मी चालू काळ देऊन मोकळी झाले होते. मी जीभ चावली. गेला वर्ग, असं म्हणत तशीच उभी राहिले.

पण साहेबांच्या पुणेरी कानाला नुसतं 'राहिले' ऐकू आलं. आले, गेले, राहिले. "छान," ते म्हणाले. "हाकलत राहिले. म्हणजे पुष्कळ काळ चाललेली आणि आता संपलेली क्रिया. फार वाईट होते हो ते दिवस." आणि त्यांनी चक्क उसासा टाकला.

आमचे सर वऱ्हाडातलेच. त्यांना बरोबर कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कोऱ्या फळ्याकडे वळून तो पुसत बसले. आमच्यातल्या बाकीच्या पाच जणांनाही कळलं होतं. त्यांच्या गावी काही वेगळं नव्हतं. साहेब, संपलेली नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी "हो साहेब" म्हणाले आणि खाली बसले. मला माझी इतकी चीड आली, की साहेबांची यायची राहूनच गेली. शेरा पडला: विद्यार्थ्यांचा भूतकाळ पक्का आहे, वर्ग चालू ठेवावा.

उन्हाळ्यात गावी गेले. साहेब येऊन गेल्याचं मामानं आधीच कळवलं होतं. आई झिऱ्यातून वाटी वाटी पाणी घागरीत भरत होती. मी शेजारी बसले.

"वर्ग राह्यला का तुहा?"

"राह्यला."

"साहेबानं काय इचारलं?"

"घरचं इचारलं."

"मंग सांगतलं ना सारं?"

"सांगतलं," मी म्हणाले, आणि तिच्या हातातली वाटी घेतली.