मरीआईची पायरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेले नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण... कारण काय असणार? मनात वागवून दमलो, एवढेच.

मला याद्या करायची सवय. आमच्या वस्तीने धम्मदीक्षा घेतली तेव्हा मरीआईच्या देवळातून काय काय जायचे, याची यादी मीच केली. एका दिवसात काही झाले नाही. आधी कोंबडे-बकरे बंद झाले. मग भिंतींचा गेरू जाऊन चुना आला. मग कोनाड्यात बुद्धांची तसबीर आली, आणि दोन-तीन वर्षे तसबीर आणि मरीआई एकाच खोलीत राहिल्या. संध्याकाळी आम्ही वंदना म्हणायचो, आणि सोनाकाकी, माझी चुलती, मागे देवीपुढे दिवा लावायची. आयुष्यभर तिनेच लावला होता.

शेवटी पुण्याहून बुद्धांची मूर्ती आणून देवळाचे विहार करायचे ठरले. यादीत एकच ओळ उरली — देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला तो पसरट दगड, मुळा नदीत सोडणे.

काकी आडवी आली नाही. आली असती तर बरे झाले असते का?

"तुजं बरूबर आसंल बाबा," ती म्हणाली. "पर तिची वटी भरू दे मला. मग ने. लेकीकडं उरवड्याला चाललीया, ऐतवारी येते." आणि हसून, "का तुज्या यादीत माजंबी नाव हाय, काढून टाकायला?"

रविवारीच नेऊ, असे मी कबूल केले.

शुक्रवारी गवंडी विहाराच्या दारातली पायरी बसवत होता. एक दगड कमी पडला. नदी लांब, ऊन कडक, माझ्यामागे दहा कामे. तो आत बघून म्हणाला, "ह्यो चालतोय की." मी — मी नको म्हणालो नाही. उलट दगडाची एक बाजू मीच धरली. शेंदराची बाजू खाली केली. यादीत लिहिले, 'विसर्जन झाले', आणि पुढे खूण केली.

रविवारी काकी आली, हातात खण-नारळ. मी सांगितले, घाई झाली, देवी नदीत सोडली.

"कुटं रं?"

मी बोट दाखवले — उंबराखालचा डोह. ती खण-नारळ घेऊन तशीच तिकडे चालत गेली. पुढे दर आषाढात जात राहिली.

विहारातही रोज यायची. पंचशील मी सांगायचो, मागून सगळे म्हणायचे. चौथे शील खोटे न बोलण्याचे. तेही मीच सांगायचो, आणि मागून काकीचा आवाज यायचा.

पण खरे सांगायचे ते हेही नाही. आत येताना काकी जुन्या सवयीने पायरीला हात लावून कपाळाला न्यायची. एकदा मी तिला टोकले — चारचौघांत. "काकी, आता दगडाच्या पाया पडायचं नाही."

"चुकलं बाबा. हात आपसूक जातोय."

त्यानंतर तिने कधी हात लावला नाही. लुगडे सावरून, त्या दगडावर पाय देऊन आत यायची.

गेल्या माघात ती गेली. यादी माझ्या पेटीत आहे, खुणेसकट. पायरी दारात आहे. पंचशील अजून मीच सांगतो.