सोप्यातली पोरं आणि त्यांची पुस्तकं

लहान पोरांना शिकवलेल्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. एखादा कुणाला सांगायला बसावं, तर त्यातूनच आणखी दोन आठवतात. माझे सगळे कर्नाटकच्या हद्दीतल्या आमच्या शहापूरच्या घरातल्या सोप्यातले, म्हणजे पुढच्या पडवीतले, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या आसपासचे.

सुरुवात सदूपासून झाली. सदू माझ्या थोरल्या जाऊबाईंचा, शांताक्कांचा मुलगा. शाळेतल्या बाईंनी त्याला परत पाठवलं. "ह्याला एका जागी बसता येत नाही. पुढच्या वर्षी आणा." शांताक्का मला म्हणाल्या, "तू मॅट्रिक हैस न्हवं? तवर घरातच शिकीव की."

माझ्या भावानं कोल्हापूरहून अंकलिपी, चित्रांचं पुस्तक आणि मणीपाटी आणून दिली. मी अंकलिपी उघडली. पहिलं पान संपायच्या आत सदू रस्त्यावर! दोन दिवस त्याला पकडून आणलं, तिसऱ्या दिवशी मीच त्याच्यामागून निघाले. गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या वाचत हिंडायचं, हाच आमचा तास. सायकलच्या दुकानावरचा 'स', शिंप्याच्या पाटीवरचा 'श'. पावसाळा संपेपर्यंत गडी सगळी गल्ली वाचायला लागला.

एके रात्री जेवताना भावजींनी, सदूच्या वडिलांनी, कौतुकानं विचारलं, "अ, आ, इ म्हणून दाखव बघू."

सदू म्हणाला, "ते कुठल्या दुकानावर हाय?"

*

सदू वाचतोय म्हटल्यावर गल्लीतली आणखी तीन-चार पोरं आली. त्यातला बाळू पुस्तकाकडं बघायचाच नाही, पण ऐकलेलं विसरायचा नाही. शेजारी पॉवरलूम होतं. त्याच्या खटखटीवर मान हलवत तो पाढे म्हणायचा. मीही मग पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्याच तालावर शिकवत गेले.

एकदा त्याचे मामा संकेश्वरहून आले. बाळूनं त्यांच्यापुढं सातचा पाढा सुरू केला. सात चोक अठ्ठावीसला आला आणि लाईट गेली. माग थांबला. बाळूही थांबला.

"का रं? पुढचं येत न्हाय व्हय?" मामांनी विचारलं.

"येतंय की. लाईट आल्यावर सांगतो."

*

कमल सोप्यात कधी तोंडच उघडायची नाही. चित्रांचं पुस्तक दाखवलं, मणी दिले, गाणं म्हटलं, काही नाही. शेवटी मी तिच्या आईला म्हणाले, "हिला माझं शिकवणं मानवत नाही. दुसरं काहीतरी बघा."

आई म्हणाली, "घरला या एकदा."

गेले. दाराबाहेरूनच मला माझं बोलणं ऐकू आलं. कमल हातात पट्टी घेऊन उभी होती. समोर तिची आत्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली. सगळा तास जसाच्या तसा, मधेच "सदू, खाली बस" सुद्धा!

आत्या मला म्हणाली, "वैनी, तुमी बऱ्या. ही मला पाणी प्यायलाबी उठू दीत न्हाय."

*

रमेशचा प्रश्न वेगळा. त्याच्या वडिलांना तो कन्नड शाळेत हवा होता, नोकरीसाठी. आजोबांना मराठीत हवा होता. दोघं माझ्याकडं आले. वडिलांच्या हातात कन्नड पुस्तक, आजोबांच्या हातात मराठी. पोराचा कल कुठं आहे, ते मी सांगायचं. पोरगं मोजायचं कन्नडमध्ये आणि भांडायचं मराठीत. मी काय सांगणार? म्हटलं, त्यालाच विचारा.

रमेशनं दोन्ही पुस्तकं नीट बघितली. मग म्हणाला, "चिंचंचं झाड कुठल्या शाळंत हाय?"

दोघंही झाड बघायला गेले.

*

तारा मात्र सगळ्यात अवघड. मागच्या गल्लीतल्या इराप्पाची मुलगी. शाळेत दोनदा पहिलीत बसली होती, आणि आता मास्तर म्हणाले होते, "हिच्या डोक्यात शिरत नाही, घरकामाला लावा." ती प्रत्येक अक्षर उलटं काढायची, आरशात दिसावं तसं. अंकलिपी गिरवून घेतली, चिंचोक्यांची अक्षरं मांडली, तिचा हात धरून वाळूत लिहिलं. माझा हात सुटला की पुन्हा उलटं. मग पाटी पुसून टाकायची. मीही आतून हरले होते. इराप्पाला काय सांगायचं ते जुळवत होते.

त्याच आठवड्यात इराप्पा स्वतः आला. तो हातमागावर साड्या विणायचा. अक्षरओळख नव्हती. त्यानं नव्या कापडाचा एक तुकडा आणला होता. माझ्यापुढं पसरून म्हणाला, "बाई, पोरीनं पाटीवर नाव लिवलंतं. ते बघून इणलं. म्हटलं, शाळंनं न्हाय ठिवलं तर आपण ठिवूया."

कोपऱ्यात लाल सुतानं दोन अक्षरं विणली होती. तिनं काढली होती तशीच, उलटी.

तारा पुढं आली. कापड बराच वेळ बघत राहिली. मग तिनं ते पालटलं आणि मागच्या बाजूनं सरळ दिसणाऱ्या अक्षरांवर बोट फिरवलं. एकदा, आणि पुन्हा एकदा.

"तारा," तिनं वाचलं. मग बापाकडं बघून म्हणाली, "आप्पा, तुमी उलटं इणलंय."

इराप्पा म्हणाला, "व्हय की गं. चुकलंच माझं."