दोन्ही काठ कापले

मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एडगर फोव्हार्ग मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून घरामागच्या चरात उतरला आणि अर्धा मैल पाण्यातून चालत गेला. काठात बिळं करून राहणाऱ्या पाणउंदरांच्या खुणा, म्हणजे लेंड्या आणि कुरतडलेलं गवत, काठावरून दिसत नाहीत. त्या पाण्यातून वर बघत शोधाव्या लागतात. हे त्याला त्याच्या बायकोने, म्युरिएलने शिकवलं होतं. तेव्हा तो तिला हसत असे.

"झाल्या का तुझ्या लेंड्या मोजून?" स्वयंपाकघराच्या दारातूनच तो विचारी.

"अकरा ढीग. आणि बूट बाहेर काढ, ओट्याशी चिखल नको," ती म्हणे.

तिला जाऊन चार वर्षं झाली होती. त्यानंतर मोजणीचा कागद त्याच्याच नावाने येऊ लागला, आणि हसायला कोणी उरलं नाही.

एडगरने अडतीस वर्षं निचरा मंडळात चर साफ करायचं यंत्र चालवलं होतं. या सपाट, काळ्या मातीच्या मुलुखात जमीन समुद्रापेक्षा खाली आहे. चर तुंबला की बीटचं शेत आठवड्यात तळं होतं. म्हणून चराचा काठ हाच इथल्या माणसाचा चेहरा. एडगरने साफ केलेला काठ दाढी केल्यासारखा दिसे आणि त्याचा त्याला अभिमान होता.

त्या मंगळवारी त्याला एकही ढीग सापडला नाही. तिरकं कुरतडलेलं गवताचं एक पातंही नाही. बिळांची तोंडं होती, पण त्यांवर कोळिष्टकं होती.

गुरुवारी तपासनीस येणार होती. चराचा हा तुकडा पाइपात घालून वर माती टाकायची, असं मंडळाने ठरवलं होतं. पाणउंदीर हा संरक्षित प्राणी. मेच्या मोजणीत त्याची ताजी खूण मिळाली तर कायद्याने काम अडणार होतं. नाही मिळाली, तर ऑक्टोबरात यंत्रं येणार होती. म्युरिएलने बावीस वर्षं मोजलेला चर मातीखाली जाणार होता.

हिवाळ्यात दहातले सात मरतात, हे एडगरला माहीत होतं. हा प्राणी थंडीत झोपत नाही. रोज स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ इतकं गवत, मुळं, साली खात जागाच राहतो. त्याचं सरासरी आयुष्य जेमतेम पाच महिन्यांचं. दुसरा हिवाळा पाहणारा विरळाच. पण दहातले तीन उरतात, मार्चपासून माद्या आपल्या हद्दीवर लेंड्या टाकू लागतात आणि उन्हाळ्यात तीनचार विणी होतात. तीन उरले असते तरी पुरे होतं. मग दहाही का गेले?

उत्तर त्याला मंगळवारी संध्याकाळीच कळलं, उष्टी बशी धुताना. गेल्या सप्टेंबरात शेजारचा सिरिल गोटोबेड कुंपणापाशी उभा राहून म्हणाला होता, "काय रे एडगर, तुझ्या चराची दाढी वाढलीय. निवृत्त झालास की आळशी?"

एवढं पुरलं होतं. एडगरने लांब दांड्याचा विळा काढला आणि तीन दिवसांत दोन्ही काठ पाण्यापर्यंत कापून काढले. आता मंडळाचा नियम एका वर्षी एकाच काठाचा होता, दुसरा आडोशाला ठेवायचा. पण त्याचे हात जुन्या नियमाचे होते. कामाच्या शेवटी दोन्ही बाजूंनी नजर सरळ गेली, तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. पाणउंदीर टिपणाऱ्या बगळ्यालाही तशीच सरळ नजर मिळाली असणार.

बुधवारी तो सायकलने मैलभर खाली, बोरूच्या उंच गवताने भरलेल्या मोठ्या चरावर गेला. तिथे ढीग होते. टोकाला बोथट, हिरवट, ओलसर लेंड्या. त्याने त्या डब्यात घेतल्या आणि आपल्या चराच्या काठावर तीन ठिकाणी मांडल्या. मांडताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. कोणीच नव्हतं. त्या बाजूला कधी कोणी नसेच.

गुरुवारी टॅमसिन लेगेट आली. तिशीची, उन्हाने भाजलेलं नाक, हातात बांबूची काठी.

"मिस्टर फोव्हार्ग, तुम्ही वरच थांबा हं. चिखल फार आहे."

"पोरी, या चिखलात मी तुझ्या जन्माआधीपासून आहे."

ती हसली. पहिल्या ढिगाशी वाकली, एक लेंडी चिमटीत फोडली, वास घेतला. "ताजी आहे." मग ती काठावरचं गवत काठीने बाजूला करत बराच वेळ पाहत राहिली. दुसऱ्या ढिगापाशी तिने पुन्हा एक फोडली.

"या मादीने बोरू खाल्लाय," ती म्हणाली. "इथं बोरू कुठाय?"

एडगरने बुटाने काठाचा चिखल सारखा केला.

"मादी आपल्या हद्दीतून शंभरेक पावलं पलीकडे जात नाही. आणि जिथे खाते तिथे तुकडे टाकते. इथे एक तुकडा नाही." ती वर न बघता बोलत होती. "काठ कोणी कापले?"

"मी."

"दोन्ही?"

"दोन्ही. सप्टेंबरात." मग तो म्हणाला, "आणि लेंड्याही मीच आणल्या. खालच्या चरातून."

टॅमसिनने काठी चिखलात रोवली. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. "म्युरिएल फोव्हार्ग तुमच्या कोण?" तिने विचारलं. "जुन्या कागदांवर नाव आहे. फार चोख नोंदी आहेत त्या."

"बायको."

"मग मी खोटं लिहू शकत नाही. तिच्या कागदांना हा कागद जोडायचा आहे."

"लिही खरं ते."

तिने कागद त्याच्याकडे दिला. "मोजणी तुम्ही केलीत. तुम्हीच लिहा."

त्याने तिच्या गाडीच्या टपावर कागद ठेवून शून्य लिहिलं. खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'दोन्ही काठ मी कापले.' सही केली.

"सप्टेंबरात दुसरी मोजणी असते. तेव्हा खूण मिळाली तरी काम अडतं," टॅमसिन गाडीत बसताना म्हणाली. "खालच्या चरातली जूनची पिल्लं मोठी होऊन जागा शोधत निघतात. मैल म्हणजे खूप आहे. पण गवत असलं तर निदान वाटेत लपता येतं."

"म्हणजे येतील?"

"मला माहीत नाही."

गाडी गेली. विळा त्याने पडवीतून काढला, सिरिलच्या दारात नेऊन दिला आणि परत फिरला. सिरिल मागून ओरडला, "अरे, पण तुझा चर?" दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा पाण्यात उतरला. एकही खूण नव्हती. त्याने ते वहीत लिहिलं, तारखेसह. तिसऱ्या दिवशीही तेच लिहिलं.